चिंतामणी रंगाचा मुऱ्हाळी

"वन्सं, हे आज उठलेच नाहीत," वहिनी फोनवर एवढंच म्हणाली. श्रावणातला सोमवार होता. साबुदाणा भिजवून मी नुकती चहा घेऊन बसले होते. मला काही उमगलंच नाही. मी आपली नेहमीच्या तोऱ्यात म्हणाले, "मग झोपू दे की गं! पेन्शनर माणूस, त्याला कुठे कचेरी गाठायची आहे?"  मग कुणीतरी तिच्या हातून फोन घेतला, शेजारचे शर्माजी असावेत, आणि हळूच म्हणाले, "बहनजी, आप आ जाइए…" तेव्हा कळलं. माझा दादा रात्री जेवून, दोन गोष्टी बोलून झोपला होता आणि सकाळी नव्हता. ना आजार, ना दवाखाना. लोक म्हणतात, भाग्याचं मरण. असेल. जाणाऱ्याचं भाग्य, राहणाऱ्याचं काय ते राहणाऱ्यालाच ठाऊक.

मिळेल त्या रेल्वेनं मी ग्वाल्हेरहून निघाले. खिडकीशी बसल्यावर पहिली गोष्ट मनात आली ती ही, की झाशीला आपण असं एकटीनं कधी गेलो नव्हतो. लग्नाला चाळीसहून जास्त वर्षं झाली, पण कुणी न्यायला आल्याशिवाय मी माहेरी पाऊल टाकलं नव्हतं. मला न्यायला दादा यायचा. आमच्या घरात अशा माणसाला मुऱ्हाळी म्हणतात. सासरी असलेल्या लेकीला सणासुदीला माहेरी न्यायला येतो तो बाप किंवा भाऊ. पुण्या-मुंबईकडे हा शब्द आता म्हाताऱ्या बायकांनाच ठाऊक असेल. आम्ही झाशीचे मराठी लोक. सुभेदारांच्या वेळी आलेली घरं, आता बोटांवर मोजण्याइतकी उरलेली. बाहेर हिंदी बोलतो, बाजारात बुंदेली ऐकतो, आणि घरात मात्र तिकडे केव्हाच मोडीत निघालेले शब्द जपून वापरतो. आई म्हणायची, "ज्या वर्षी मुऱ्हाळी चुकला, त्या वर्षी माहेर तुटलं समजावं." जाताना तिनं दादाचा हात धरून सांगितलं होतं, "दत्तू, शकूला आणायला चुकू नकोस हो." दादानं मान हलवली होती. दादाचं मान हलवणं म्हणजे स्टॅम्पपेपर.

स्टेशनावरून रिक्षा केली, खंडेराव गेटपाशी उतरले. घराच्या दारात माणसं जमली होती, आणि दाराच्या डाव्या अंगाला, लिंबाखाली, दादाची गाडी उभी होती. छोटी, जुनी, आठशे सीसीची, चारी चाकांना चकचकीत चकत्या लावलेली, आणि रंग असा की झाशीत तशी दुसरी गाडी सापडायची नाही. मी घराकडे जायचं सोडून सवयीनं गाडीच्या डाव्या दाराशी गेले, हात खटक्यावर ठेवला आणि तिथेच उभी राहिले. मला कुणी हाताला धरून आत नेलं तेही आठवत नाही.

आता त्या गाडीबद्दल सांगायला हवं, कारण दादाबद्दल दुसरं काय सांगू? तो पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचा. मितभाषी, काटकसरी, सदऱ्याच्या खिशाला नेहमी दोन पेन्सिली. त्याच्या आयुष्यात भानगड अशी एकच, ती ही गाडी. आधी तो मला न्यायला रेल्वेनंच यायचा. गौरी येण्याच्या आदल्या दिवशी सकाळी हजर, एक कप चहा, आणि "चल." मग बबीन्याच्या छावणीत त्याच्या ओळखीचे एक मराठी मेजर होते, त्यांची बदली झाली आणि जाताना त्यांनी आपली जुनी गाडी दादाला देऊन टाकली. अगदी फुकट नव्हे, पण दादाला परवडेल अशी. त्या भाद्रपदात दादा गाडी घेऊन मला न्यायला आला, तेव्हा आमच्या गल्लीतल्या बायका गच्च्यांवर आल्या. माझे यजमान गंभीर माणूस, तेसुद्धा गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "वा, शकुंतलाबाईंचं माहेर मोठं झालं." मी मनातल्या मनात इतकी फुगले होते की दरवाजातून आत मावते की नाही असं वाटलं.

मग दादाची बदली मऊरानीपुरला झाली. घर झाशीत, कचेरी मऊरानीपुरात. रेल्वे होती, बस होती, पण त्याला संध्याकाळी वेळेवर घरी यायचं असे, म्हणून तो गाडीनं जाऊ-येऊ लागला. आणि पेट्रोल दिवसेंदिवस चढत चाललेलं. तिथून दादाला ते वेड लागलं. अ‍ॅव्हरेज! सकाळी उठल्यापासून एकच शब्द. गाडी लिटरला किती चालते, कालपेक्षा आज कमी का, वारा समोरून होता की मागून. माणिक चौकाच्या मागे इक़बाल मिस्त्रीचं गॅरेज होतं. दादाच्या वयाचाच, काळा-सावळा, पानानं तोंड कायम भरलेलं. या दोघांचं असं जमलं की रविवारी वहिनीला नवरा हवा असेल तर माणूस पाठवावा लागे. आधी कार्ब्युरेटर उघडून साफ केला, प्लग बदलले, चाकांत हवा जराशी चढती ठेवली. इथवर ठीक होतं. पण मग दादाच्या डोक्यात आलं की गाडी हलकी केली पाहिजे. टपावरचा कॅरिअर गेला. रेडिओ गेला, पायाखालची रबरी अंथरुणं गेली. एक दिवस मागची सीटच गेली. "मागे बसतंय कोण?" असं त्याचं म्हणणं. भाचा, म्हणजे दादाचा मुलगा मकरंद, तेव्हा कॉलेजात होता. तो सुट्टीत आला की सतरंजीवर मांडी घालून गाडीत मागे बसायचा आणि म्हणायचा, "पापा, मैं क्या सत्यनारायण की पूजा में बैठा हूँ?"

वजन कमी करायच्या नादात दादानं स्टेपनीसुद्धा घरी ठेवायला सुरुवात केली. वर्षातून एकदा पंक्चर होतं, त्यासाठी रोज एवढं चाक वाहून न्यायचं, हे त्याला पटेना. देवानं ऐकलं असावं. त्याच आठवड्यात बरुआसागरच्या पुढे चाक बसलं. गाडी एका धाब्यावर ठेवून साहेब आल्याच्या पोत्यांनी भरलेल्या ट्रकवर बसून घरी आले. आलं म्हणजे चहात घालतात ते. बरुआसागरचं आलं सगळीकडे जातं, त्या दिवशी झाशीला त्याच्याबरोबर दादाही आला. वहिनीनं दार उघडलं, वास घेतला आणि एवढंच म्हणाली, "आत जाऊन साखर टाका, चहाच होईल." दुसऱ्या दिवसापासून स्टेपनी परत गाडीत. पण चूक कबूल करणं त्याच्या स्वभावात नव्हतं. तो म्हणाला, "मागच्या चाकांवर थोडा भार लागतोच."

वहिनी सोशीक बाई, पण एकदा तीही कावली. मी गौरींसाठी आलेले होते, दुपारी पुरणाला बसलो होतो, आणि ती दादाला म्हणाली, "रिटायर व्हायला किती दिवस राहिलेत? मग कशाला ही गाडी? वन्संना आणायचं तर रेल्वे आहे की. दीड तासाचा तर रस्ता." दादा ओसरीवर पान लावत बसला होता. तो मान वर न करता म्हणाला, "रेल्वेनं पाहुणे येतात." आणि मग, पान दुमडत, "पेन्शनीत ही गाडी चालवायची तर ती कमी प्यायला शिकली पाहिजे. आत्ताच शिकवतोय." तेव्हा मला कळलं की हे सगळं खटलं नुसतं मऊरानीपुरासाठी नव्हतं. आम्हाला मूलबाळ नव्हतं. सासरची माणसं एकेक करून पांगली होती. माझ्या नावानं वर्षातून एकदा कुणी दारात येऊन उभं राहतं, यावर माझं सगळं वर्ष निघायचं. हे मी कधी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. दादाला सांगायची गरजही नव्हती.

निवृत्त झाल्यावर अ‍ॅव्हरेजच्या जोडीला दिसण्याचं खूळ आलं. लूक, असं म्हणायचा तो, ओठ पुढे काढून. त्यानं कुठेतरी वाचलं होतं की चाकांना सपाट झाकणं लावली तर वारा अडत नाही, गाडी कमी पिते आणि वर दिसतेही ऐटदार. तयार झाकणं त्याला पसंत पडेनात. आणि मग त्यानं केलं ते आमच्या घरातला माणूसच करू शकतो. वहिनीच्या लग्नातली आहेराची स्टीलची ताटं काढली, चार, आणि इक़बालकडून ती ठोकून-ठाकून चाकांवर बसवून घेतली! आपल्याकडे आहेराच्या भांड्यांवर नावं कोरलेली असतात, हे काय मी सांगायला हवं? पुढच्या डाव्या चाकावर "मालूआत्याकडून सप्रेम भेट", मागच्यावर "समस्त गोडबोले मंडळी". वहिनी दोन दिवस दादाशी बोलली नाही. पहिला पाऊस होऊन गाडी चिखलातून गेली तेव्हा म्हणाली, "बिचाऱ्या मालूआत्या. जिवंतपणी कधी घराबाहेर पडल्या नाहीत, आता चिखलात लोळतायत." एकदा इलाइट चौराह्यावर शिपायानं गाडी थांबवली, वाकून चाक वाचलं आणि दादाला विचारलं, "जा कौन कंपनी आय, मालूआत्या?" दादा गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "महाराष्ट्र की है, साहब. पुरानी कंपनी है." शिपायानं सलाम ठोकून सोडलं. हा प्रसंग दादा सांगायचा नाही, इक़बाल सांगायचा, आणि दादा शेजारी उभा राहून पुढच्या चाकाकडे बघत हसायचा.

रंगाची कथा वेगळी. मूळची पांढरी गाडी ठिकठिकाणी गंजली होती, रंग द्यायचाच होता. मकरंद तेव्हा नोकरीला लागून नोएडाला गेला होता, त्यानं फोनवर सांगितलं, "पापा, ग्रे कर लो, सोबर लगता है." दादानं हो म्हटलं, आणि पेटीतून आईचं इरकली लुगडं काढून माणिक चौकातल्या रंगाच्या दुकानात गेला. ते चिंतामणी रंगाचं. निळ्या-हिरव्याच्या मधला तो जुना रंग, आता साडीच्या दुकानातही नावानं मागितला तर पोरं तोंडाकडे बघतात. दुकानदारानं दहा डबे कालवले. दादा प्रत्येक वेळी लुगड्याचा पदर उन्हात धरून मान हलवायचा, नाही, अजून हिरवा जास्त होतो. शेवटी जमला. रीतसर कागदोपत्री रंगबदलाची नोंद करून घेतली, दादाच तो. त्या वर्षी तो गाडी घेऊन आला तेव्हा दारात मला एकदम आई उभी आहे असं वाटलं. मी त्याला काही बोलले नाही. बोलले असते तर त्यानं "लूक बघ, लूक" म्हणून विषय बदलला असता.

आणि त्याची ती येण्याची पद्धत. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली आमची गल्ली उताराची आहे. गल्लीच्या तोंडाशी आला की दादा इंजिन बंद करायचा आणि गाडी नुसती सोडून द्यायचा. तेवढंच पेट्रोल वाचलं. गाडी आवाज न करता उतरत यायची आणि बरोबर आमच्या पायरीशी थांबायची. इतक्या वर्षांत वीतभरही पुढे-मागे नाही. हॉर्न वाजवणं त्याला आगाऊपणाचं वाटे. त्यामुळे दादा आला हे कधी ऐकू येत नसे. काम करता करता काहीतरी वाटायचं, दार उघडावं, तर हा समोर, चष्मा पुसत. "अरे, हाक तरी मारायचीस!" मी दर वर्षी म्हणायचे. "उघडलंस की," तो दर वर्षी म्हणायचा.

माझे यजमान दीड वर्ष अंथरुणावर होते. त्यांना उचलणं, बसवणं, कुशीवर वळवणं सगळं मी एकटीनं केलं, आणि त्यात माझी पाठ कायमची कामातून गेली. ते मार्गशीर्षात गेले. दादा-वहिनी आले, दिवस होईपर्यंत राहिले. जाताना दादानं पाठीचं विचारलं, मी सांगितलं, बसमध्ये दहा मिनिटंही बसवत नाही. तो बरं म्हणाला. पुढे भाद्रपद जवळ आला, आणि यंदा पिशवी भरायची नाही हे मी मनाशी धरून ठेवलं. गौरीला सवाष्ण लागते. कपाळ पांढरं झालेल्या बाईला गौरीच्या दिवशी माहेरी कोण नेतं? आईच्या हयातीत आमच्या घरात तरी नेत नव्हते. धाकटी काकू विधवा झाल्यावर तिचा मुऱ्हाळी कसा बंद झाला ते मी लहानपणी पाहिलं होतं. तिनं त्या दिवशी दिवसभर तांदूळ निवडले होते. मीही तसंच काहीतरी काम काढायचं ठरवलं. सकाळी अंगण झाडायला दार उघडलं… आणि पायरीवर दादा, चष्मा पुसत.

"पिशवी कुठाय?" तो म्हणाला.

"दादा, मी आता कशी येऊ? गौरी आहेत घरात. सवाष्णीचं काम ते…"

"मी बहिणीला न्यायला आलोय," तो म्हणाला, "सवाष्णीला नाही. भर पिशवी. ऊन होतंय."

मी पिशवी भरताना किती रडले ते माझं मला ठाऊक. बाहेर येऊन पाहते तर गाडीत माझ्या बाजूला नवीनच सीट. उंच पाठीची, रुंद, तपकिरी रेक्झिनची, कुठल्याशा मोठ्या मोडीतल्या गाडीची असावी. त्या एवढ्याशा गाडीत ती अशी दिसत होती, जसा चौरंगावर कुणी सिंहासन मांडावं. "हे काय रे?" मी विचारलं. "लूक," दादा म्हणाला. "बस." मी बसले. दतिया मागे पडलं, झाशीचा किल्ला दिसायला लागला, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की पाठीनं एकदाही कण्हलेलं नाही. घरी पोचलो तर वहिनी दारात रांगोळीचा डबा घेऊन उभी. शेजारच्या दोन म्हाताऱ्या आधीच येऊन बसल्या होत्या, त्यांच्या देखत तिनं तो डबा माझ्या हातात दिला. "वन्सं, गौरीची पावलं तुम्ही काढा. माझी वाकडी येतात." तिची पावलं कधीच वाकडी येत नाहीत. त्या दिवशी मी दारापासून देवघरापर्यंत पावलं काढली, आणि माझं माहेर तुटलं नाही.

पुढं दर वर्षी तो येत राहिला. दर वर्षी माझी पिशवी उचलून म्हणायचा, "काय भरलंयस यात, पाटा-वरवंटा? अ‍ॅव्हरेज पडतो माझा." ग्वाल्हेरच्या फेरीला गाडी आता पूर्वीपेक्षा जरा जास्त प्यायची, आणि तो त्याचं खापर माझ्या पिशवीवर फोडायचा. मीही मनावर घ्यायचे. आदल्या दिवशी भरलेली पिशवी सकाळी उचलून बघायची, एक साडी काढायची, लाडवांचा डबा लहान घ्यायचा, परत उचलून बघायची. अशानं माझी पिशवी इतकी हलकी झाली की गेल्या वर्षी तर तिच्यात दोन साड्या आणि औषधं एवढंच होतं. त्यानं ती उचलली आणि म्हणाला, "आता जमलं." गेल्या वर्षी गिअर टाकताना त्याला दोन-दोनदा चाचपावं लागत होतं. मकरंदनं फोन करून निक्षून सांगितलं होतं, "पापा, अब हाइवे पे मत जाओ, आत्या के लिए टैक्सी करवा देता हूँ." दादानं त्याला काय उत्तर दिलं ते वहिनीनं मला नंतर सांगितलं. म्हणाला, "टैक्सी मुऱ्हाळी नहीं होती, बेटा." त्यावर मकरंद म्हणे विचारत होता, "मुऱ्हाळी मतलब?"

तेराव्यानंतर घरातली माणसं आपापल्या वाटेला लागली. मकरंदनं वहिनीला आपल्याबरोबर न्यायचं ठरवलं. बरोबरच आहे, एकटी बाई त्या घरात काय करणार? घराला कुलूप. गौरींचे मुखवटे वहिनीनं मऊ कापडात गुंडाळून आपल्या पेटीत तळाला ठेवले. गाडी इक़बालला द्यायची असं ठरलं. तिला आता रस्त्यावर आणायचं म्हणजे नाना भानगडी. इक़बाल आला, गाडीच्या टपावरची लिंबाची पानं त्यानं हातानं झाडली. मी त्याला म्हटलं, चाकांची ताटं तेवढी काढून दे, वहिनीला हवीत. त्यानं ती काढली, फडक्यानं पुसली, मालूआत्याकडून सप्रेम भेट माझ्या हातात ठेवली. मग माझ्या बाजूचं दार उघडून, बुंदेलीत बहिणीला घालतात ती हाक घालत म्हणाला, "बिन्नू, और जा सीट को का करनें? सबसें भारी जेई है."

मी म्हटलं, "भारी?"

"तौ का! हमने भाईसाब सें कई हती, इत्ते साल में गाड़ी सें एक-एक पेंच निकार-निकार कें हलकी करी, और अब इत्तो लोहा धर रए? पूरो अ‍ॅव्हरेज खा जैहै. बोले, इक़बाल, जा पे हमाई बहन बैठहै. ऊकी कमर में दरद रत है. तुम वजन की बात नें करो."

मी गाडीच्या दारात उभ्या उभ्या रडले. दादा गेल्याचं कळल्यापासून मी नीट रडले नव्हते. काही ना काही काम निघत होतं, वहिनीला सांभाळायचं होतं. इतक्या वर्षांत हा माणूस माझ्या पिशवीवरून बोलत राहिला, आणि वजन होतं ते त्यानं स्वतःच्या हातानं बसवलेलं. ज्यानं स्टेपनीसुद्धा घरी ठेवली होती, त्यानं. आणि मला म्हणाला काय तर लूक! मकरंद बाजूला उभा होता. तो जवळ आला, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आत्या, ही सीट… तू ले जा. मी टेम्पो करतो." तोडकंमोडकं मराठी बोलला, पण बोलला. इक़बालनं चार बोल्ट काढले. सीट उचलायला खरंच दोन माणसं लागली.

आता ती माझ्या बाहेरच्या खोलीत आहे. खाली लाकडी पाट ठोकून घेतला आहे. येणारे-जाणारे विचारतात, हे काय, गाडीची सीट घरात? मी म्हणते, लूक.

परवा गौरी झाल्या. त्या घरात यंदा वर्षभर सण नाही, घराला कुलूप आहे, मुखवटे नोएडाला पेटीच्या तळाशी आहेत. हे सगळं मला पाठ आहे. तरी गौरी येण्याच्या आदल्या दिवशी उठले, अंघोळ केली आणि पिशवी भरली. कशासाठी भरतेय हे स्वतःला विचारलंही नाही. दोन साड्या, औषधं, लाडवांचा डबा. पिशवी उचलून पाहिली. जड लागली. एक साडी काढून ठेवली, डबा काढून ठेवला, परत उचलून पाहिली. आता बरी होती. ती पायाशी ठेवून मी सीटवर बसले.

ऊन चढलं. गल्लीत कसलाही आवाज नव्हता. दुसऱ्या कुणाची वाट पाहत असते तर म्हटलं असतं, नाही आला. पण दादाची गाडी यायची ती आवाज न करताच… मी आणखी थोडा वेळ बसले. मग उठले आणि दार उघडून पाहिलं.